पाच आठवडे झाले घसा बसलाय, खाण्यापिण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरीचा वर्ग, ४२ पोरं. गणपतीत आरत्या म्हणून घसा बसला तो बसलाच. सकाळी घोगरा का होईना आवाज फुटतो, पण पाढे म्हणून घेईपर्यंत नुसती हवा बाहेर येते. शेवटी सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, स्वरयंत्राला सूज आहे पण गाठ नाही म्हणाले (हे ऐकून तिथेच रडू आलं), आणि पित्त वर घशापर्यंत येतंय असंही सांगितलं. गोळ्या चालू झाल्यात. कमी बोला, पाणी भरपूर प्या, झोपायच्या तीन तास आधी जेवा.

आता पाण्याचंच घोडं अडलंय. शाळेत आम्हा बायकांच्या संडासाला धड कडी नाही, नळाला पाणी नाही, त्यामुळे सकाळी सातला घर सोडलं की दीडपर्यंत आम्ही सगळ्याजणी ओठ ओले करण्यापुरतंच पितो, कित्येक वर्षं हेच चाललंय, वर चहा दोनदा. मग घरी येऊन दोन तांबे घटाघटा. याचा घशाला काही उपयोग होतो का? आई म्हणते जेष्ठमध चघळ, सासूबाई झोपताना हळदीचं दूध देतात पण त्याने मला आंबट ढेकर येतात. गरम पाण्यात लिंबू-मध चालेल का? बीपीची गोळी चालू आहे.

प्रतिसाद:
ताई, आधी जेष्ठमध बंद करा, त्याने बीपी वाढतं. पित्त असताना लिंबूही नको, नुसतं कोमट पाणी घ्या. दूध प्यायचंच तर संध्याकाळी. मी भजनात गाते, यातून गेलेय. प्यायलेलं पाणी स्वरयंत्रावरून जात नाही हो, ते अन्ननलिकेतून पोटात जातं आणि अंगात मुरल्यावर मग तिथे ओलावा येतो, म्हणून एकदम दोन तांबे पिऊन भागत नाही, उठल्यापासून थोडं थोडं प्या. वाफ मात्र थेट पोचते, साध्या पाण्याचीच घ्या, बाम टाकू नका. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी, नाहीतर आवंढा गिळा, खाकरून सूज वाढते. कुजबुजत तर अजिबात बोलू नका, त्यानेही ताण येतो.

धागाकर्ती:
अरे देवा, मी आठवडाभर वर्गात कुजबुजतच शिकवतेय! खूप आभार. उद्यापासून पाढे मॉनिटरला म्हणायला लावते. आणि कडी-पाण्याचा अर्ज आम्ही पाचहीजणी सह्या करून मुख्याध्यापकांना देतोय, आजच लिहायला घेतला. मधल्या सुट्टीत भाकरीबरोबर ताक चालेल का तेवढं सांगा, की तेही आंबट म्हणून नको?