हायवेलगत चार्जिंग स्टेशन: खासगी जागेला पीएम ई-ड्राइव्हचं अनुदान मिळतं का?

प्रश्न — रस्त्याकडेचा
पुणे-सोलापूर हायवेला लागून 12 गुंठे जागा आहे, शेजारी हॉटेल. 60 किलोवॅटचे दोन डीसी चार्जर बसवायचेत. केंद्राच्या ई-वाहन योजनेत, म्हणजे पीएम ई-ड्राइव्हमध्ये, चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवलेत. अर्ज कुठे करायचा? चार्जरच्या किमतीवर किती सूट? वीजजोडणीचा लोड किती मागू?

फाइलवाला
चार्जरच्या किमतीवर शून्य. सप्टेंबर 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत जागेप्रमाणे गट पाडलेत. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं यांच्या आवारात, लोकांना मोफत प्रवेश असेल तर, वीज पोहोचवण्याचं काम आणि चार्जर दोन्हींवर 100 टक्के. सरकारी तेल कंपन्यांचे पंप, एसटी स्थानकं, रेल्वे स्थानकं इथे वीज पोहोचवण्याच्या कामावर 80 आणि चार्जरवर 70 टक्के. मॉल, बाजार आणि हायवेलगतच्या इतर जागा तिसऱ्या गटात: फक्त वीज पोहोचवण्याच्या कामावर 80 टक्के. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, केबल, वितरण पेटी, ब्रेकर, कुंपण, सिव्हिल काम. तेही ठरवून दिलेल्या बेंचमार्क खर्चापर्यंतच, वरचं तुमच्या खिशातून.

आणि अर्ज तुम्ही करायचा नाहीच. प्रस्ताव केंद्रीय मंत्रालयं, राज्य सरकारं किंवा सरकारी कंपन्यांच्या नोडल (समन्वयासाठी नेमलेल्या) संस्थेकडून जातात, पैसे दोन हप्त्यांत येतात. ‘आधी बांधू, मग बिल लावू’ हा हिशेब इथे चालत नाही. राज्याच्या नोडल संस्थेच्या यादीत जागा घालता येते का ते आधी विचारा.

रस्त्याकडेचा
मग पंपवाल्यांचीच चंगळ.

फाइलवाला
जुनंच आहे ते. फेम-2 या केंद्राच्या आधीच्या ई-वाहन योजनेतही मार्च 2023 ला 7,432 फास्ट चार्जिंग स्टेशनांचे 800 कोटी तीन सरकारी तेल कंपन्यांनाच मंजूर झाले होते.

डीपी_११केव्ही
लोडचं बघू. दोन्ही चार्जर पूर्ण चालले तर 120 किलोवॅट बाहेर पडतात. कार्यक्षमता 95 टक्के धरली तर आत 126 लागतात, दिवे-पंखे-सीसीटीव्ही मिळून 130. पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) 0.98 धरून साधारण 133 केव्हीए; ट्रान्सफॉर्मर याच एककात मोजतात. 160 चा ट्रान्सफॉर्मर पुरेल, पण पुढे तिसरा चार्जर डोक्यात असेल तर 200 चाच घ्या. चार्जिंग स्टेशनांसाठीच्या केंद्राच्या 2024 च्या सूचनांत 150 किलोवॅटपर्यंत लघुदाब (415 व्होल्टची) जोडणी आहे, तेव्हा दोन चार्जरसाठी उच्चदाबाच्या भानगडीत पडू नका.

खरी गोची फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीची. हायवेलगत बऱ्याच ठिकाणी जवळची लाइन शेती फीडरची असते: वीज दिवसातले ठरावीक तासच, आणि शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली. 415 व्होल्टच्या खाली फार गेलं की चार्जर अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), गाडीवाला कंपनीला शिव्या घालतो. गावठाण फीडर (गावातल्या घरांना वीज देणारा) किंवा स्वतंत्र लाइन मिळेल का ते विचारूनच वीज कंपनीचं कोटेशन भरा. ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी हा नियम आहे, पण नवी लाइन किंवा डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) लागली की ती मुदत विसरा.

अर्थिंगही उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजून घ्या. पावसाळ्यातला आकडा फसवतो. अर्थ ठीक नसेल तर अनेक चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत.

फाइलवाला
एक राहिलं: राष्ट्रीय महामार्गावरून आत-बाहेर वळण काढायला महामार्ग प्राधिकरणाची प्रवेश परवानगी वेगळी लागते. हॉटेलची असेल तर ती नेमकी कोणत्या वापरासाठी आहे ते कागदावर बघा.

दर बघताना वेळही बघा. केंद्राच्या 2024 च्या त्याच सूचनांत सकाळी 9 ते दुपारी 4 पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट आणि बाकी वेळी 1.3 पट दर सुचवलाय. राज्यातला प्रत्यक्ष दर मात्र वीज नियामक आयोगाच्या आदेशातलाच धरा. हॉटेलचं गिऱ्हाईक रात्रीचं असेल तर नफ्याचा हिशेब महाग दरावरच करा.