मदत हवी आहे : आजोबांच्या दुनळी बंदुकीचा चाप मागाहून बदललाय का?

देवगडच्या घरी आजोबांची १२ बोअरची विलायती दुनळी आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली परत आणली, तेव्हा पहिल्यांदाच नीट न्याहाळली. चाप एकच! जुन्या दुनळीला सहसा दोन असतात, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. इथे चाप ज्या पट्टीतून बाहेर येतो तिच्यातली खाच लांब आहे, तिचा अर्धा भाग वेगळ्या लोखंडाच्या तुकड्याने बुजवलाय आणि नक्षी नेमकी तिथेच तुटते. स्क्रूंची डोकीही खरवडलेली. एकचापी बंदुका कारखान्यातूनही यायच्या म्हणा, पण हे काम मला मागाहूनचं वाटतं. खोलून बघायची छाती नाही. खाऱ्या हवेने आधीच गंज धरलाय. न खोलता आणखी कोणत्या खुणा बघू? चापाभोवतीच्या कडीच्या आकारावरून काही कळतं का?