२४ दिवस झाले तरी बाळंतिणीचं रडणं थांबत नाही

पारिजातक:
जाऊबाई रोज रडतात, बाळ झोपलं तरी त्यांचा डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, सव्वा महिना होऊ दे. गोळ्या सुरू केल्या तर दूध तोडावं लागेल का? मोठी, वय ४, सारखी विचारते, "आई माझ्यावर रागावलीय?"

शेवगा:
सव्वा महिन्याची वाट बघू नका. बाळंतपणानंतरचा हळवेपणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो नि दोन आठवड्यांत ओसरतो. तुमचे २४ झाले. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली मराठीत मिळते : १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, ३० पैकी गुण. १३ किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठाच. त्यांना एकटीला भरू द्या, सासूबाई शेजारी असल्या की उत्तरं गोडगोड येतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर. हिमोग्लोबिन आणि टीएसएचही तपासा, थायरॉइड बिघडलं तरी असंच दिसतं.

तळटीप:
दूध सहसा तोडावं लागत नाही. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं, म्हणून बऱ्याचदा तेच देतात. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून गोळी बंद करतात, घोळ तिथेच होतो. मात्र असंबद्ध बोलणं, भास, बाळाबद्दल भलता संशय दिसला तर रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठा, बाळाला त्यांच्याजवळ एकटं ठेवू नका. 'बाहेरचं' बघण्यात दिवस घालवू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) मोफत आहे, मराठीत बोलतात.

काजवा:
मोठीला "आई दमलीय" एवढंच सांगू नका. आई झोपून उठली की खेळेल असं तिला वाटतं. "आईचं मन आजारी आहे. तुझ्यामुळे नाही, बाळामुळेही नाही. डॉक्टर औषध देणार आहेत, बरं व्हायला वेळ लागेल." हेच पुन्हापुन्हा सांगावं लागेल. "शहाण्यासारखं वाग, आईला त्रास देऊ नको" तर मुळीच नको, त्यातून तिला कळतं की दोष आपलाच. गादी ओली करणं, पोट दुखतंय म्हणणं, भरवून मागणं, हे तिचं बोलणंच समजा. "भीती वाटतेय की राग आलाय?" असे दोन शब्द पुढे ठेवा, एक ती उचलते.

पारिजातक:
आई रडताना तिने पाहिलं तर?

काजवा:
लपवू नका. "आईला रडू आलंय, बाबा तिच्यापाशी बसलाय. चल, आपण दोघी भात कालवू."