दीडची एसटी गाठायची म्हटल्यावर कॉलेजात मैत्री कधी होणार?

प्रश्न : खटावची_एफवाय

मी खटाव तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव तिथून पाऊण तासावर. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी साडेबाराला सगळं सुटतं आणि आमच्याकडची गाडी दीडला. ती चुकली की पुढची थेट साडेचारला. मग शेवटचा तास झाला की आम्ही पोरी स्टँडकडे पळतो. मुलांकडे गाड्या आहेत, ती कँटीनला थांबतात. वर्गात मुलींचे बाक एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या. वर्गातल्या मुलाशी स्टँडवर दोन मिनिटं बोललं तरी संध्याकाळपर्यंत ते घरी कळलेलं असतं.

बारावीच्या मैत्रिणी साताऱ्याला, पुण्याला गेल्या. त्यांचे स्टेटस बघून फार एकटं वाटतं. पुढच्या वर्षी कॉलेज बदलू का? घरचे बाहेर ठेवायला सहजी तयार होणार नाहीत. इथंच राहून काही होईल का?

उत्तर : माणदेशी_मुलगी

अगं, मी माण तालुक्यातल्या अशाच कॉलेजात शिकले. तुझी दीडची, माझी पावणेदोनची, एवढाच फरक.

माझं सगळं बदललं ते युवा महोत्सवामुळे. शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी जिल्ह्याचा होतो, मग मध्यवर्ती. लोकनृत्य, पथनाट्य, नकला, मूकनाट्य असं बरंच असतं, आणि छोट्या कॉलेजात माणसंच कमी असल्याने विचारलं की घेतात. मोठ्या कॉलेजात मला कुणी निवडलंच नसतं, हे मी आजही खात्रीने सांगते.

आमचं मूकनाट्य दुष्काळावर होतं. दोघांनी वाकून विहिरीचा काठ व्हायचं, तिसऱ्याने रहाट, एकीने पोहरा. वर्षभर ज्या मुलांशी एक शब्द बोललो नव्हतो, त्यांना पहिल्याच दिवशी ओरडून सांगावं लागलं, ‘तू लवकर वाकतोयस, माझा दोर तुटतोय!’ तिथून बोलणं सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. त्यातल्या एकाच्या बहिणीच्या लग्नात मी परवाच पंगतीत वाढत होते.

पण हे जमलं कारण आमच्या मॅडमनी तालीम गाडीच्या वेळेवर बसवली. कॉलेज सुटल्यावर ठेवली असती तर निम्म्या मुली गळाल्या असत्या. मधल्या सुट्टीत आणि रिकाम्या तासाला, झूऑलॉजीच्या लॅबमध्ये टेबलं सरकवून आम्ही करायचो. रंगीत तालमीच्या दिवशी मात्र उशीर झालाच. मॅडमनी प्रत्येकीच्या घरी स्वतः फोन केला, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. कानामागचा पांढरा रंग निघाला नव्हता. कंडक्टरकाकांनी विचारलं, मी सांगितलं, तर स्टॉप येईपर्यंत ते विषय काय, कोण काय झालंय, सगळं ऐकत होते.

तेव्हा मॅडमना नाहीतर सांस्कृतिक विभागाच्या सरांना एकटीने नको, चौघीजणी मिळून भेटा. ‘आम्हाला भाग घ्यायचाय, पण तालीम साडेबाराच्या आत हवी’ असं स्पष्ट सांगा. मुलींना हौस नसते असं ठरवून टाकतात. खरी अडचण गाडीची असते, आणि ती सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

उत्तर : वसतिगृह_खोली_चार

मी कमवा आणि शिका योजनेत होतो. सकाळी बागेला पाणी, दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावायची. आपल्या साताऱ्यात ही परंपरा जुनी आहे, कर्मवीरांनी 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच या पायावर. ताई, तुमच्याकडे मुलींना ग्रंथालयाचं काम देतात का विचारा. चार पैसे मिळतात आणि साडेचारच्या गाडीने यायला घरी सांगण्यासारखं कारण होतं. पास त्याच मार्गाच्या पुढच्या गाडीलाही चालतो.

उत्तर : एनएसएस_सर

मी कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केलंय. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पोरांचेच कार्यक्रम. शंभर जणांचा स्वयंपाक आणि बांधावरचं खोदकाम एकत्र केलं की बाक वेगळे राहत नाहीत. मुलींची राहायची सोय वेगळी असते, सोबत शिक्षिका असतात. वडिलांना हेच सांग, आणि जमलं तर त्यांना एक दिवस शिबिरावर घेऊन ये. मुलीला माईकवर बोलताना पाहिलेले वडील पुढच्या वर्षी अडवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कॉलेज बदलायचं तर विषयासाठी, शिक्षकांसाठी बदल. सोबतीसाठी एवढ्यात नको.

खटावची_एफवाय

सगळ्यांचे आभार. आमच्या गाडीच्या तिघी तयार आहेत, सोमवारी मॅडमना भेटतोय. ताई, एक विचारायचं होतं : मूकनाट्यात किती जण लागतात?

माणदेशी_मुलगी

सहाजण. तुम्ही चौघी आहात, दोन मुलं तुम्हीच विचारा, मॅडमवर सोडू नका.