सही डेबवर नाही, रिपॉझिटरीवर

सोर्स कोडवरून बांधलेल्या डेब फाइलवर (डेबियन-उबुंटूचं पॅकेज) डिजिटल सही करूनही ॲप्ट, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, कुरकुरतं, असं एकाने विचारलंय. कुरकुरणारच! ॲप्ट एकेका डेबवरची सही बघतच नाही. ते रिपॉझिटरीतल्या (पॅकेजांच्या साठ्यातल्या) रिलीज फाइलवरची जीपीजी या साधनाने केलेली सही तपासतं. त्या फाइलीत पॅकेजेस यादीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो आणि त्या यादीत प्रत्येक डेबचा. तेव्हा सही रिपॉझिटरीवर करा आणि सार्वजनिक की (सही पडताळायची किल्ली) ॲप्टच्या स्रोत यादीत 'साइन्ड-बाय' लिहून त्या स्रोतापुरतीच ठेवा. आरपीएममध्ये (रेड हॅट-फेडोराचं पॅकेज) मात्र सही पॅकेजच्या आतच असते.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सही करायची खासगी की पॅकेज बांधणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर नसतेच. कटकट आहे, पण चालतं.

आणि 'सही आहे म्हणजे सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी २०२४ चं एक्सझेड (फाइल लहान करणारं साधन) प्रकरण आठवावं. मागचं दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट ५.६.० आवृत्तीच्या टारबॉलमध्ये (प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गाठोड्यात) होती, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नव्हती. घुसवणारा प्रकल्पाचाच मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा. जमेल तिथे टारबॉलऐवजी गिट टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बांधा.