ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टचा योक निघतच नाहीये, पूर्ण जाम

मागचं_चाक
जाणकारांनो, तातडीने सल्ला हवाय. जुनी रिअर व्हील ड्राइव्ह गाडी आहे, ३ स्पीड ऑटोमॅटिक, ६ वर्षं एका जागी उभी होती. गिअरबॉक्सच्या शेपटाकडचं ऑइल सील गळतंय ते बदलायचंय आणि गाडी निघताना थांबताना मागून एक ठाक्‌कन आवाज यायचा तोही बघायचा होता. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे फिरणं नेणारा लांब दांडा) डिफकडून, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या डब्याकडून सोडवला, चारही बोल्ट आले, पण फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) सुटायला शाफ्ट थोडा पुढे सरकावा लागतो ना तो काही केल्या सरकेना, शेवटी मागचा अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू दिला तेव्हा कुठे सुटला. तिथेच शंका आली होती. आता शाफ्ट मागे ओढला की योक, म्हणजे शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये घुसलेलं नळीसारखं टोक, सरळ बाहेर यायला हवा, तर तो केसभरही हलत नाही. ३ दिवस रोज सीलच्या कडेने गंज सोडवायचा स्प्रे मारतोय, लाकडाचा ठोकळा लावून हातोड्याने ठोकून झालं, काही नाही. मित्र म्हणतो शाफ्टला साखळी बांध आणि दुसऱ्या गाडीने एक हिसका दे, क्षणात येईल. देऊ का?

पान्हा_तेरा
नको!! साखळी अजिबात नको आणि हातोडाही आता खाली ठेव.

आधी एक विचारतो, गाडी कशावर उभी आहे? शाफ्ट सुटला की पी मध्ये टाकलेला गिअर गाडी धरत नाही कारण पार्किंगचा खटका गिअरबॉक्सच्या आत असतो आणि त्याचा चाकांशी संबंध शाफ्टमुळेच असतो. हे लक्षात न आल्याने गाडी माणसावर आलीये. चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर घे, मग आत शीर.

आता हिसका का नको ते सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये आउटपुट शाफ्ट (ज्यावर योक चढतो तो गिअरबॉक्सचा दांडा) आतून बऱ्याच बॉक्समध्ये एका पातळ लॉक रिंगवर आणि थ्रस्ट वॉशरवर थोपवलेला असतो. ती रिंग शाफ्ट जागेवर राहावा इतक्याचसाठी आहे, मागून गाडीने ओढण्यासाठी नाही. तू ओढशील, योक यायच्या ऐवजी रिंग खाचेतून उडेल आणि मग २० मिनिटांच्या सीलसाठी अख्खा बॉक्स खोलावा लागेल.

दुसरं, तुझा स्प्रे जागेवर पोचतच नाहीये. सील योकच्या बाहेरच्या गुळगुळीत नळीवर बसतं. जाम झालंय ते नळीच्या आत, स्प्लाइनवर, म्हणजे योक आणि आउटपुट शाफ्ट एकमेकांत अडकवणाऱ्या लांब दात्यांवर. सीलच्या कडेने कितीही मारलंस तरी तो बाहेरूनच ओघळून जाणार.

तिसरं, योक सरकणाराच आहे ना हे नक्की कर. काही बॉक्सला योक आउटपुट शाफ्टवर बोल्टने आवळलेला असतो आणि सरकणारा सांधा शाफ्टमध्येच पुढे कुठेतरी असतो. टर्बो ४०० (जनरल मोटर्सचा ३ स्पीड ऑटोमॅटिक) मध्ये दोन्ही प्रकार मिळतात. क्रॉस, म्हणजे योकच्या दोन कानांत बसून त्याला प्रोपेलर शाफ्टशी जोडणारा अधिकच्या आकाराचा तुकडा, काढून त्या कानांच्या मधे बघ, बोल्टचं डोकं दिसलं तर आजवर तू बोल्टशी भांडत होतास.

मागचं_चाक
गाडी ४ स्टँडवर आहे, ठोकळेही आहेत. पण पी चं खरंच डोक्यात नव्हतं, सांगितलंत ते फार बरं केलंत. क्रॉस उद्या काढतो.

रविवारचं_गॅरेज
माझा अनुभव जरा वेगळा आहे. मी असाच योक स्लाइड हॅमरने (दांड्यावर वजन सरकवून मागे ठोके देणारं अवजार) काढलाय, ८-१० ठोक्यात आला, गाडी नंतर ३ वर्षं व्यवस्थित चालली. सगळ्यांचं आतलं मोडतंच असं नाही.

पान्हा_तेरा
तुमचा हलका अडकलेला असणार, मागे सरकायला थोडी तरी वाव असेल. याचा पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. अशा वेळी प्रत्येक ठोका सरळ त्या रिंगवर बसतो. एकदा निभावलं म्हणून दुसऱ्याला सांगवत नाही.

तेलकट_बाह्या
मी बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

जाम योक काढताना एकच गोष्ट बघायची, जोर कुठून कुठे जातोय. साखळी, स्लाइड हॅमर, टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटणं, या सगळ्यात तुम्ही योक ओढता, योक आउटपुट शाफ्टला ओढतो, तो शाफ्ट आतल्या रिंगला. आपल्याला जोर योक आणि शाफ्ट या दोघांच्या मधेच हवा, गिअरबॉक्सला त्याचा पत्ताही लागता कामा नये. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला ग्रीसचा. योकच्या तळाशी, कानांच्या मधे, एक दाबून बसवलेली पत्र्याची टोपी असते. काही योकमध्ये तिला बारीक भोकही असतं, हवा जायला. त्या टोपीत आटे पाडून ग्रीस निपल बसवायचं, ६ मिमीच्या निपलला ५ मिमीचं ड्रिल. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे कीस चिकटून येतो. मग ग्रीस गनने भरत जायचं. शाफ्टचं टोक आणि टोपी यांच्या मधल्या पोकळीत ग्रीस कोंडलं की ते शाफ्टला पुढे रेटतं आणि टोपीला, म्हणजे योकला, मागे रेटतं. योक अडकलेला आहे तोवर हे दोन्ही रेटे एकमेकांना स्प्लाइनमध्येच खाऊन टाकतात, आत गिअरबॉक्सवर काहीच येत नाही. जोर किती येतो बघा, शाफ्ट ३५ मिमीचा धरला तर टोकाचं क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंटिमीटरच्या वर होतं, हाताच्या गनने दर चौरस सेंमीला २०० किलो दाब आला तरी जवळपास १९०० किलोचा रेटा झाला, आणि तोही सगळीकडून सारखा, ठोका नाही की हिसका नाही.

काळजी दोन. पोकळीत हवा राहू देऊ नका, निपल पूर्ण आवळायच्या आधी ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. कोंडलेली हवा टोपीसकट सुटली तर बंदुकीसारखी येते. म्हणून तोंड आणि हात योकच्या रेषेत नकोत, चष्मा घाला, आणि कुठे बारीक चिळकांडी दिसली तर बोट लावून बघू नका, त्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं, ती जखम बाहेरून टिकलीएवढी दिसते पण सरळ ऑपरेशनवर जाते.

दुसरा मार्ग टोपी गंजलेली असेल तर. टोपी काढूनच टाका, आत शाफ्टचं टोक दिसेल, योकच्या कानांना पुलर अडकवा आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवा. जोर परत त्या दोघांच्या मधेच. दोन्हीत वेळ द्या, ताण देऊन सोडून द्या. आणि या जागी गॅस कटरची ज्योत नको, सील जळतं, आत तेल आहे, शेपटाचं हौसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

मागचं_चाक
आज दिवसभर हेच केलं. क्रॉस काढला, कानांमधे बोल्ट नाही, टोपीच आहे, म्हणजे सरकणाराच योक. टोपीला भोक नव्हतं. आटे पाडले, निपल बसवलं, सांगितलं तसं हवा काढून भरत गेलो. सुरुवातीला गन हलकी चालली, मग हँडल जड झालं, आणि मग एकदम परत हलकं. बघतो तर टोपीच्या डाव्या कडेने ग्रीस शेवयांसारखं बाहेर येतंय. तिथे कडेला गंजाची लालसर रेघ आहे, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. थांबलो. अजून पंप करू का?

तेलकट_बाह्या
थांबलात ते बरोबर केलंत, ती टोपी आता दाब धरणार नाही आणि अजून जोर दिलात तर उडेल. पाणी आत कुठून गेलं तेही कळलं, त्याच कडेने. टोपीत ड्रिल मारून ती काढून टाका. मग आतलं ग्रीस पुसा, स्प्लाइनच्या तोंडाशी स्प्रे मारा, आता कुठे तो योग्य जागी पोचेल. पुलरला ताण द्या आणि झोपायला जा.

मागचं_चाक
निघाला!!

टोपी काढल्यावर शाफ्टच्या टोकाला लेथवरचा मधला खड्डा दिसला, पुलरचा स्क्रू त्यात नेमका बसला. स्प्रे मारला, हीट गनने योकची नळी हाताला चटका बसेल इतपत गरम केली, परत स्प्रे, मग पान्ह्याला हाताने जाईल तेवढा ताण दिला आणि रात्रभर तसाच ठेवला. रात्री कानांवर पितळी हातोड्याने आजूबाजूने हलके हलके टकटक केलं, पुढून मागून नाही. सकाळी ८ ला जाऊन पान्हा पाव फेरा दिला तर काच तडकावी तसा टक्‌ आवाज आला, मला आधी वाटलं पुलरच गेला. पण योक २ मिमी मागे आला होता. मग फेऱ्यागणिक येत गेला, शेवटचा भाग हाताने.

आत तांबूस तपकिरी भुकटी, वीट कुटल्यासारखी, आणि टोपीकडच्या निम्म्या स्प्लाइन पूर्ण कोरड्या. गिअरबॉक्सकडच्या निम्म्या मात्र तेलकट आणि चकचकीत. बॉक्समधून तेल मात्र गळलं, मागून गाडी उंच असूनही कपभर तरी. तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून ठेवलंय. आता पुढे काय काय बघू?

पान्हा_तेरा
अभिनंदन भावा, मनापासून!

आता घाईने बसवू नकोस. आउटपुट शाफ्टवर एक सरळ पट्टी स्प्लाइनच्या बाजूने लाव, स्प्लाइन पिळलेल्या तर नाहीत ना बघ, पिळल्या असतील तर नवा योकसुद्धा तिथेच अडकेल आणि मग बॉक्स खोलण्याला पर्याय नाही. सरळ असतील तर तारेच्या ब्रशने साफ कर, पण भुकटी आत जाऊ देऊ नकोस, आधी तोंडात चिंधी कोंब आणि नंतर ती आठवणीने काढ. योकच्या नळीवर सील घासतं तिथून नख फिरव, नख अडकलं तर ती खाच नवीन सीलही खाणार. तसं असेल तर योकच बदल, तसाही टोपी गेलेला आणि निम्मा गंजलेला योक परत घालणं मला पटत नाही. शेपटातला बुशही (योकला आधार देणारी नळीसारखी कडी) बघ, योक घालून वरखाली हलवला तर खटखट जाणवता कामा नये, नाहीतर सील महिनाभरही टिकणार नाही.

तेलकट_बाह्या
वरच्या सगळ्याला दुजोरा. नवा योक आतून तेलावर चालणारा असेल, तुमचा तसाच दिसतोय, तर नळीला बाहेरून आणि स्प्लाइनला गिअरबॉक्सचंच तेल लावा. काही योकला आत ओ रिंग असते, तिथे तेल स्प्लाइनपर्यंत येत नाही, त्यांना ग्रीस लागतं. ते बघून ठरवा.

बसवल्यावर योक पूर्ण आत ढकला आणि तिथून शाफ्ट जोडलेल्या स्थितीत तो साधारण २० ते २५ मिमी बाहेर आलाय का मोजा, गाडी चाकांवर उभी असताना, लोंबत्या अ‍ॅक्सलवर नाही. ही जागा नसेल तर खड्ड्यात अ‍ॅक्सल वर आला की योक सरळ आउटपुट शाफ्टला ठोसा देतो. तुमचा तो ठाक आवाज बहुतेक त्याच्याच भावकीतला, योक सरकत नव्हता म्हणून लांबीतला सगळा फरक बॉक्सवर येत होता.

आणि हो, स्प्लाइनमधून थोडं ग्रीस आत गेलेलं असू शकतं. ऑइल पॅन खोलून तेल आणि फिल्टर बदलून टाका. नंतर पातळी बघाल ती तुमच्या बॉक्सच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे, बहुतेक ऑटोमॅटिकला इंजिन चालू ठेवून आणि तेल गरम झाल्यावर बघतात.

मागचं_चाक
पट्टी लावून पाहिली, स्प्लाइन सरळ आहेत. नळीवर मात्र नख अडकतंय, तेव्हा योक नवाच. बुश पण सोबत मागवतो. शाफ्ट आणि डिफच्या फ्लँजवर सोडवायच्या आधी रंगाची खूण करून ठेवली होती म्हणून तिकडची जागा तरी चुकणार नाही. योक आला की मोजमाप इथेच टाकतो.