मदत हवी आहे : आईसोबत कान्हेरी

आईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी दाखवायची आहेत. सोमवारी बंद असतं, हे माहीत आहे. तिचे गुडघे दुखतात, पण तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह (स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह) आणि त्याच्या व्हरांड्यातल्या त्या उंच बुद्धमूर्ती तिला बघायच्याच आहेत. मुख्य गेटपासून लेणी बरीच आत आहेत, तिथवर सध्या कोणतं वाहन मिळतं? तिकीटखिडकीपासून चैत्यगृहापर्यंत पायऱ्या किती चढाव्या लागतात, मध्ये टेकायला जागा आहे का?

मला स्वतःला पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, नीट पाहायच्या आहेत. कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलंय, शेजारी ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं! ४१ क्रमांकाच्या लेण्यातला एकादशमुख अवलोकितेश्वरही (अकरा मुखांचा बोधिसत्त्व) पाहायचाय. आईला खाली सावलीत बसवून तेवढ्यात वर जाऊन येता येईल का? नुकतं कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.